पिक्सेल एलईडीची आरास लहरीपणे वागू लागल्यास दोष कसा शोधावा

घरगुती गणपतीसाठी हलते, चमकते देखावे करण्याची कोल्हापूरकरांची हौस जुनी आहे. अलीकडे तिच्या हाताशी आर्डुइनो नॅनोसारखा छोटा मायक्रोकंट्रोलर आणि प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे रंगवता येणारी पिक्सेल एलईडीची पट्टी आली आहे. असा देखावा जुळवणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण असते ते दुपारी टेबलावर नीट चाललेली पट्टी संध्याकाळी मखरात बसवल्यावर भलतेच रंग दाखवू लागली, मध्येच गोठली किंवा आपोआप पहिल्यापासून सुरू झाली, तर त्याचे कारण शोधणे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक नमुना समोर ठेवू. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात आणि गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक व पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोहोचतात. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या परंपरेने ठरलेल्या तारखांना ती पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात. पुठ्ठ्याच्या मंदिरात हा प्रवास दाखवायचा, तर मीटरला ६० पिक्सेल असलेली ५ मीटरची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी, म्हणजे एकूण ३०० पिक्सेल, एक नॅनो, ५ व्होल्टचा एसएमपीएस (घरातील २३० व्होल्टची वीज कमी व्होल्टेजवर आणणारा पुरवठा) आणि दिवस बदलण्यासाठी एक बटण एवढे साहित्य पुरते. लहरी वागण्याचे जवळजवळ सगळे प्रकार एवढ्या साहित्यातही अनुभवास येतात.

दोष शोधताना प्रोग्राम शेवटी उघडावा, असे माझे ठाम मत आहे. हौशी माणूस नेमके उलट करतो. पट्टी लुकलुकली की तो लॅपटॉप उघडून ओळी बदलू लागतो, त्यातली एखादी ओळ बदलताच योगायोगाने दोष काही काळ थांबतो आणि मग मूळ कारण कायमचे झाकले जाते. त्याऐवजी आधी कागद घ्यावा आणि दोष कधी दिसतो हे लिहावे. चालू केल्यापासून ठरावीक वेळाने दिसत असेल, तर संशय प्रोग्रामवर किंवा उष्णतेवर जातो. बरेच पिक्सेल एकदम उजळताना दिसत असेल, तर वीजपुरवठ्यावर. वायरला हात लागताच वागणे बदलत असेल, तर सैल जोडणीवर, ग्राउंडवर (म्हणजे सर्व भागांच्या सामाईक ऋण जोडणीवर) किंवा मोकळ्या राहिलेल्या पिनेवर. शेजारच्या खोलीत मिक्सर किंवा पाण्याची मोटर सुरू होताना दिसत असेल, तर बाहेरून शिरणाऱ्या विद्युत गोंगाटावर. आणि पट्टीच्या एका विशिष्ट पिक्सेलपासून पुढेच बिघाड दिसत असेल, तर त्या जागेवरच. आपल्या प्रतिकृतीत ही नोंद करणे सोपे आहे, कारण ‘कासव चौकापर्यंत प्रकाश बरोबर जातो आणि पुढे हिरवा होतो’ असे जागेचे नाव घेऊन लिहिता येते.

सर्वांत आधी वीजपुरवठा तपासावा. या पट्टीतील एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात आणि प्रत्येक जण पूर्ण तेजाने सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे पांढऱ्या रंगात एक पिक्सेल ६० मिलिअँपिअर घेतो आणि ३०० पिक्सेल मिळून १८ अँपिअर मागतात. किरणांचा सोनेरी रंग लाल पूर्ण आणि हिरवा निम्मा ठेवून केला, तर हाच आकडा साधारण ९ अँपिअरवर येतो. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरच अपेक्षित असतात आणि मोबाइलचा नेहमीचा चार्जर २ अँपिअरच्या आसपास थांबतो, हे लक्षात घेतले की ‘टेबलावर चालत होते’ या वाक्याचा उलगडा होतो. टेबलावर चाचणी घेताना दहा-वीस पिक्सेलच पेटवलेले असतात. पट्टी पूर्ण काळी दिसत असतानाही प्रत्येक पिक्सेलमधील चिप सुमारे १ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेत राहते, ही बाबही हिशेबात धरावी.

मोजमाप मल्टीमीटरने करावे आणि ते पट्टी पूर्ण उजळलेली असतानाच करावे. बिनभाराचे व्होल्टेज काहीही सांगत नाही. एसएमपीएसच्या ५ व्होल्टच्या टोकांवर, पट्टीच्या सुरुवातीला आणि पट्टीच्या शेवटी अशा तीन जागी वाचन घ्यावे. पहिल्या दोन जागांतील फरक मोठा असेल, तर मधली वायर बारीक आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. एसएमपीएस दोन मीटर दूर असला, तर जाण्यायेण्याची मिळून चार मीटर तार होते आणि ६ अँपिअरला तिच्यातच सुमारे ०.४ व्होल्ट खर्ची पडतात. जुन्या चार्जरची कापून घेतलेली बारीक वायर वापरली, तर नुकसान याच्या कितीतरी पट होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेतील फरक मोठा असेल, तर तो पट्टीच्या आतल्या पातळ तांब्याचा परिणाम आहे आणि तो डोळ्यांनाही दिसतो. निळ्या व हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पांढरा रंग शेवटाकडे पिवळट आणि मग लालसर होत जातो. यावर उपाय म्हणजे पट्टीला दोन्ही टोकांनी आणि शक्य असल्यास मध्यावरही त्याच एसएमपीएसमधून जाड वायरने वीज देणे. पट्टीची वीज नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेतून कधीही घेऊ नये, कारण यूएसबीतून येणारा प्रवाह त्या बोर्डावरच्या एका लहान डायोडमधून जातो आणि तो असा भार सोसण्यासाठी बसवलेला नसतो.

मल्टीमीटरची एक मर्यादा मात्र ओळखून असावी. काही मिलिसेकंदांची व्होल्टेजची घसरण त्याच्या पडद्यावर दिसत नाही, आणि मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होण्यास तेवढी घसरण पुरते. हाताशी असे क्षणिक बदल दाखवणारा ऑसिलोस्कोप नसेल, तर नॅनोकडूनच साक्ष काढता येते. प्रोग्रामच्या सुरुवातीच्या भागात बोर्डावरचा लहान दिवा तीन वेळा लुकलुकेल अशी सूचना घालावी. देखावा चालू असताना तो दिवा पुन्हा तीनदा लुकलुकला आणि प्रकाश गाभाऱ्याच्या दारातून परत महाद्वारापाशी आला, तर मायक्रोकंट्रोलर रीसेट होत आहे हे सिद्ध झाले. दिवा लुकलुकला नाही आणि तरीही रंग बिघडले, तर प्रोग्राम अखंड चालू आहे आणि दोष बहुधा पट्टीकडे जाणाऱ्या संकेतात आहे. माझ्या मते या साऱ्या शोधातील सर्वांत फलदायी चाचणी हीच आहे, कारण ती अर्धे संशयित एका फटक्यात बाजूला काढते. नॅनोऐवजी ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांचे काम आणखी सोपे होते. व्होल्टेज घसरून रीसेट झाला, तर तो सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरील खिडकीत, ब्राउनआउटचा स्पष्ट संदेश छापतो.

पुरवठ्याचाच आणखी एक झटपट निकाल म्हणजे प्रोग्राममधील तेजाची मर्यादा एक पंचमांशावर आणून पाहणे. एवढ्याने दोष नाहीसा झाला, तर कारण विजेचे आहे. पट्टीच्या सुरुवातीला ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १००० मायक्रोफॅरडचा, निदान ६.३ व्होल्टचा कॅपॅसिटर लावल्यास अचानक उसळणाऱ्या मागणीचा धक्का बराच कमी होतो. तो लावताना त्याच्यावरील ऋण टोक दाखवणारी छापील रेघ ग्राउंडकडेच असावी, कारण उलटा लावलेला कॅपॅसिटर फुटतो.

येथे सुरक्षिततेबद्दल एक वाक्य आवश्यक आहे. जाळीदार पत्र्याच्या एसएमपीएसवर २३० व्होल्टचे स्क्रू ५ व्होल्टच्या स्क्रूंच्या शेजारी उघडे असतात, म्हणून प्रत्येक बदलापूर्वी प्लग बोर्डातून काढावा, अर्थिंगची वायर जोडलेली असावी आणि लहान मुले फिरणाऱ्या घरात त्या टोकांवर झाकण असल्याशिवाय एसएमपीएस मखरामागे ठेवू नये.

पुरवठा निर्दोष ठरल्यावर ग्राउंडकडे वळावे. नॅनो लॅपटॉपवर आणि पट्टी एसएमपीएसवर अशी विभागणी केली असता दोघांचे ग्राउंड एकमेकांस जोडणे बऱ्याचदा राहून जाते. अशा वेळी पट्टी पूर्ण बंद राहिली असती, तर दोष लगेच सापडला असता. प्रत्यक्षात मात्र ती कशीबशी चालते, वायरला बोट लावले की सुधारते आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की बिघडते, कारण संकेताला परतीचा मार्ग कुठल्यातरी आडवाटेने मिळत असतो. डेटाच्या वायरसोबत ग्राउंडची वायर पीळ देऊन नॅनोपर्यंत आणावी. जोडताना ग्राउंड आधी जोडावे आणि सोडवताना ते सर्वांत शेवटी सोडवावे.

आता संकेत. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट लागतात आणि एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा असतो. शून्य आणि एक यांतील फरक तो संकेत किती काळ वर राहिला यावरूनच ओळखला जातो, म्हणून वायरमधील थोडा विपर्यासही रंग बदलून टाकतो. नॅनोच्या पिनेपासून पहिल्या पिक्सेलपर्यंतचे अंतर शक्य तितके कमी, फार तर हातभर ठेवावे आणि पहिल्या पिक्सेलजवळ डेटाच्या वायरमध्ये ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर घालावा. डब्ल्यूएस२८१२बीच्या माहितीपत्रकानुसार वरचा संकेत पुरवठ्याच्या ०.७ पट तरी असावा लागतो, म्हणजे ५ व्होल्टच्या पट्टीला किमान ३.५ व्होल्ट. नॅनोची पिन ५ व्होल्ट देते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ मात्र ३.३ व्होल्टच देतात. अशी जोडणी काही पट्ट्यांवर चालते, काहींवर थंडीत चालते आणि उन्हात नाही, आणि ‘माझ्या मित्राकडे तर चालते’ या वादाला तोंड फुटते. त्यावर ७४एचसीटी१२५ ही संकेताचे व्होल्टेज वाढवणारी स्वस्त चिप मध्ये घालणे हा स्वच्छ उपाय आहे. ती नसेल, तर पट्टीचा पहिला पिक्सेल कापून वेगळा करावा, त्याच्या ५ व्होल्टच्या वाटेत एक साधा सिलिकॉन डायोड घालावा, म्हणजे त्याचा पुरवठा सुमारे ४.३ व्होल्ट होतो, त्याला ३ व्होल्टचा संकेत पुरतो आणि तो पुढच्या पिक्सेलला पुरेसा उंच संकेत देतो.

या पट्टीचा एक गुणधर्म दोष शोधताना फार उपयोगी पडतो. प्रत्येक पिक्सेल आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेला संकेत नव्याने घडवून पुढे पाठवतो. त्यामुळे पहिले १४० पिक्सेल नेहमीच बरोबर उजळत असतील आणि १४१व्यापासून गोंधळ होत असेल, तर नॅनो, रेझिस्टर आणि पहिली वायर निर्दोष आहेत. दोष १४०व्या पिक्सेलच्या बाहेर जाणाऱ्या टोकात, १४१व्याच्या आत येणाऱ्या टोकात किंवा त्यांच्यामधील जोडात आहे. गोंधळ मात्र पहिल्या पिक्सेलपासूनच असेल, तर शोध उलट दिशेने, नॅनोकडे न्यावा. कासव चौकाच्या वळणावर पट्टी कापून वायरने जोडलेली असेल, तर तो जोड आधी भिंगाखाली पाहावा. डाख (सोल्डर) चमकदार व पसरलेला हवा. मंद, गोळीसारखा बसलेला डाख पुन्हा तापवून नीट करावा. पत्र्याच्या कामाला वापरतात ते आम्लयुक्त फ्लक्स येथे वापरू नये, कारण ते काही आठवड्यांत तांबे खाऊन टाकते. पट्टीवरील बाण नॅनोपासून दूर जाणारा असावा, ही तपासणी क्षुल्लक वाटली तरी टाळू नये. लाल मागितल्यावर नेहमीच हिरवा येत असेल, तर तो लहरीपणा नव्हे. डब्ल्यूएस२८१२बीला रंग हिरवा, लाल, निळा या क्रमाने लागतात आणि लायब्ररीत, म्हणजे पट्टी चालवणाऱ्या तयार प्रोग्रामसंचात, तो क्रम निवडण्याची सोय असते.

बटणाबद्दल थोडक्यात सांगता येते. बटण दाबलेले नसताना पिन कशालाच जोडलेली नसेल, तर ती अँटेनासारखी आसपासचे विद्युत क्षेत्र उचलते आणि हात जवळ नेला तरी दिवस बदलतो. प्रोग्राममध्ये त्या पिनेचा अंतर्गत पुलअप (पिन एरवी ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) चालू करावा आणि बटण पिन व ग्राउंड यांच्यामध्ये जोडावे. एका दाबात दोन दिवस उलटत असतील, तर बटणाच्या पात्या उसळत आहेत. पहिला बदल दिसल्यावर ३० ते ५० मिलिसेकंद पुढचे बदल दुर्लक्षित करावेत. बटण मखराच्या पुढच्या बाजूला लांब वायरने आणले असेल, तर नॅनोजवळ पिन आणि ग्राउंड यांच्यात १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा.

एवढे सारे स्वच्छ निघाल्यावरच प्रोग्राम उघडावा, आणि तेथेही स्मृतीपासून सुरुवात करावी. नॅनोवरील एटमेगा३२८पी चिपमध्ये २०४८ बाइट रॅम असते. पिक्सेलमागे ३ बाइट या दराने ३०० पिक्सेल ९०० बाइट घेतात. आजचे आणि उद्याचे किरण मिसळण्यासाठी रंगांची दुसरी प्रत ठेवली, तर १८०० बाइट गेले. राहिलेल्या जागेत बाकीची सारी चले (व्हेरिएबल), सीरियलवर छापायची वाक्ये आणि चालू कामाचा स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) मावत नाही, स्टॅक रंगांच्या तक्त्यावर चढतो आणि गाभाऱ्यात अचानक जांभळे ठिपके उमटतात. कंपाइल झाल्यावर आयडीई, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर, जागतिक चलांनी व्यापलेली रॅम दाखवते, पण स्टॅक त्यात धरलेला नसतो, म्हणून तो आकडा तीन चतुर्थांशाच्या पुढे गेला की सावध व्हावे. या दोषाची ओळख अशी, की असंबद्ध वाटणारी एखादी ओळ वाढवली किंवा काढली की दोषाचे रूप बदलते. छापायची वाक्ये F() या मॅक्रोने फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्राम साठवण्याच्या स्मृतीत, हलवावीत. ३०० पिक्सेलच्या तक्त्याचे क्रमांक ० ते २९९ असतात, त्यामुळे ३०० क्रमांकावर लिहिणारी आवर्तने (लूप) शोधून दुरुस्त करावीत. ती चूक नेमकी कोणाच्या जागेवर लिहील हे सांगता येत नाही.

वेळेशी जोडलेले दोष याहून सोपे असतात. नॅनोवर इंट प्रकारच्या चलात ३२७६७ पर्यंतचीच संख्या मावते. मिलिसेकंदांची वेळ अशा चलात ठेवली, तर देखावा सुमारे ३२.८ सेकंद सुरळीत चालतो आणि मग बिघडतो. घड्याळ लावून पाहिले आणि बिघाड दर वेळी याच सुमारास आला, तर आणखी कुठे पाहण्याची गरज नाही. ते चल अनसाइन्ड लाँग करावे. दुसरी बाब इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवून तातडीचे काम करायला लावणाऱ्या सूचनेची. ३०० पिक्सेलना रंग पाठवायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ नॅनोवर इंटरप्ट बंद ठेवले जातात. त्या काळात इन्फ्रारेड रिमोटचा संकेत हुकतो, १,१५,२०० बॉडच्या सीरियलवर दर ८७ मायक्रोसेकंदांना येणारी अक्षरे गळतात आणि नॅनोचे घड्याळही मागे पडू शकते. काही लायब्ररी ही तूट भरून काढतात, काही काढत नाहीत. रिमोट दहा वेळा दाबल्यावर चार वेळाच चालतो, ही तक्रार म्हणजे रिमोटचा दोष नव्हे. त्यासाठी रंग तेव्हाच पाठवावेत जेव्हा ते खरोखर बदलले आहेत, किंवा हे काम स्वतंत्र हार्डवेअरकडून करून घेणारा ईएसपी३२ वापरावा.

तरीही कारण हाती लागत नसेल, तर जुळणी निम्मी करत जावे. मूळ प्रोग्राम बाजूला ठेवून एकच मंद पिक्सेल पट्टीभर धावेल असा दहा-बारा ओळींचा प्रोग्राम भरावा. तोही अडखळला, तर दोष प्रोग्रामबाहेर आहे. मग पट्टीचा उत्तरार्ध सोडवावा, बटण काढावे, नॅनो ब्रेडबोर्डवर (डाख न लावता जोडण्या करण्याच्या छिद्रांच्या पाटीवर) असेल तर उतरवून थेट वायरने जोडावा. लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींच्या बाजूच्या वीजपट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात आणि त्यांचे स्प्रिंग दोनतीन अँपिअरसाठी बनवलेले नसतात, म्हणून पट्टीचा प्रवाह ब्रेडबोर्डमधून नेऊच नये. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम लिहावा आणि परिणाम दिसला नाही तर बदल मागे घ्यावा.

आपल्या गावच्या हवामानाचा आणि वस्तीचाही विचार करावा लागतो. गणेशोत्सव पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. भिंतींना ओल असते, गेल्या वर्षीच्या माळेचे प्लग डब्यात वर्षभर पडून हिरवट झालेले असतात आणि पंचगंगेकाठच्या पेठांतील जुन्या घरांत पुठ्ठाही दमट होतो. जोड वाळवून, घासून पुन्हा बसवावेत आणि उघड्या डाखावर हीट श्रिंक नळी चढवावी. शिवाजी उद्यमनगरसारख्या कारखान्यांच्या भागात मोठ्या मोटरी सुरू होताना दिवे मंदावतात. तिथे चांगल्या प्रतीचा आणि लागणाऱ्या प्रवाहाच्या दीडपट क्षमतेचा एसएमपीएस घेणे श्रेयस्कर ठरते. तो पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात कोंडला, तर तापून स्वतःला बंद करतो, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो आणि देखावा दर काही मिनिटांनी डोळे मिटल्यासारखा वाटतो. त्याला मखराबाहेर, हवा लागेल अशा जागी ठेवावे.

दोष सापडला असे वाटले, की तो मुद्दाम परत आणून पाहावा. जोडलेले ग्राउंड सोडवल्यावर जुना गोंधळ हुबेहूब परतला, तरच निदान खरे. परतला नाही, तर दुसरे काहीतरी बदलले आहे आणि शोध अपुरा आहे. त्यानंतर पट्टी पूर्ण तेजाने, मखरात बसवलेल्या अवस्थेतच, आरती आणि पाहुण्यांची वर्दळ मिळून जेवढा वेळ देखावा चालणार आहे तेवढा सलग तीन-चार तास चालू ठेवावी. प्लग काढून वायरी, प्लग आणि एसएमपीएस यांना हात लावून पाहावा आणि जो जोड चटका देईल तो जाड वायरने पुन्हा करावा. तोच प्रोग्राम भरलेला दुसरा नॅनो आणि पट्टीचा हातभर तुकडा जवळ ठेवावा. प्रत्येक वायरवर ती कुठून कुठे जाते हे कागदी चिकटपट्टीवर लिहावे, म्हणजे प्रतिष्ठापनेच्या दिवशी घरातील दुसऱ्या कोणालाही बदल करता येईल.